किराणा दुकानातला करमुक्त माल: यादी करण्यापासून रिटर्न भरण्यापर्यंत

हळदी-कुंकवाचा करंडा उघडा. त्यातल्या कुंकवावर जीएसटी नाही, हळदीवर ५ टक्के आहे. विड्याच्या पानावर नाही, सुपारीवर आहे. मातीच्या पणतीवर नाही, वातीवरही नाही, पण तिच्यात घालायच्या तेलावर आहे. पावावर नाही, त्याच बेकरीतल्या टोस्टवर आहे.

छोट्या दुकानदारांचे हिशेब बघताना मला दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "खाण्याची वस्तू आहे, हिला कसला कर?" दुसरं, "आपला माल ब्रँडचा नाही, म्हणजे सुटला." पहिलं कधीच खरं नव्हतं. दुसरं १७ जुलै २०२२ पर्यंत बऱ्याच अंशी खरं होतं, आता नाही. वस्तूचं नाव पाहून कर ठरत नाही. ती ग्राहकाच्या हातात कोणत्या रूपात जाते, ते पाहून ठरतो: सुट्टी की पाकिटात, ओली की वाळलेली, साधी की भाजलेली.

किराणा, भुसार, दूध-डेअरी आणि शालेय स्टेशनरी विकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले आहेत. तुम्ही फक्त ग्राहक असाल आणि बिल तपासायचं असेल, तर पहिल्या तीन पायऱ्या वाचल्या तरी पुरे.

## आधीची तयारी

बसण्याआधी या गोष्टी समोर ठेवा.

- गेल्या तीन महिन्यांची खरेदीची बिलं.
- दुकानात आज प्रत्यक्ष असलेल्या मालाची हाताने केलेली यादी. बिलिंग सॉफ्टवेअरमधली नको. तिथे चार वर्षांपूर्वी बंद झालेला मालही जुन्या दरासकट बसलेला असतो.
- करमुक्त वस्तूंची अधिसूचना: क्र. १०/२०२५ केंद्रीय कर (दर), दिनांक १७ सप्टेंबर २०२५. तिने २०१७ ची क्र. २/२०१७ ही जुनी यादी रद्द केली. करपात्र वस्तूंचे दर क्र. ९/२०२५ मध्ये आहेत. राज्याचा कर यांच्याच धर्तीवर चालतो.
- एक कोरा तक्ता, पाच रकान्यांचा: माल, एचएसएन कोड (मालाच्या वर्गीकरणाचा ठरलेला क्रमांक), कसा येतो, कसा विकतो, दर.

"कसा येतो" आणि "कसा विकतो" हे रकाने एकत्र करू नका. निम्म्या चुका तिथेच होतात. तूरडाळ तुमच्याकडे ५० किलोच्या कट्ट्यात येते आणि अर्ध्या किलोच्या पिशवीत जाते. तुमच्या विक्रीवर कर आहे की नाही, हे "कसा विकतो" हा रकाना सांगतो.

तपासा: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली "करमुक्त वस्तूंची यादी" वापरणार असाल, तर आधी तिच्यात किराणा मालासमोर १२ टक्के दर कुठे दिसतो का ते पाहा. दिसला, तर यादी जुनी आहे. तिच्यात "नोंदणीकृत ब्रँड नसलेले" असे शब्द असतील, तर ती त्याहून जुनी. दोन्ही फेकून द्या.

## पायरी १: मालाचे चार ढीग करा

पहिला ढीग: कसाही विका, कर नाही. ताजं दूध, पिशवीतलं पाश्चराइज्ड दूधही यातच. अंडी. ताजी भाजी, कांदा, बटाटा, लसूण, आलं, ओली हळद. ताजी फळं, नारळ. मीठ. पाव आणि ब्रेड. पापड (हॉटेलात ताटात वाढलेला सोडून). वाळवलेली चिंच, जी १ ऑक्टोबर २०१९ पासून करमुक्त आहे. पानांच्या पत्रावळी आणि द्रोणही त्याच दिवसापासून सुटले. विड्याची पानं. कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या, साधं काजळ (काजळपेन्सिल नव्हे). रुद्राक्ष, जानवं, वाती, मातीच्या पणत्या, शाडूची मूर्ती. सॅनिटरी नॅपकिन आणि केरसुणी, दोन्ही २७ जुलै २०१८ पासून. छापील पुस्तकं, वर्तमानपत्रं, मुलांची चित्रं रंगवायची पुस्तकं, पाटी, खडू.

दुसरा ढीग: सुट्टा असेल तर कर नाही, पाकिटात ५ टक्के. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी. सगळ्या डाळी आणि कडधान्यं. गव्हाचं पीठ, मैदा, रवा, बेसन. पोहे, चुरमुरे. गूळ. मध. दही, ताक, लस्सी. पुढची पायरी या ढिगासाठीच आहे.

तिसरा ढीग: सुट्टा असला तरी कर आहेच. इथेही बऱ्याच चुका होतात, म्हणून जरा थांबून वाचा. साखर, चहा, खाद्यतेल, तूप, लोणी: ५ टक्के. जिरं, मोहरी, सुकी मिरची, हळकुंड, हळद पावडर, सुंठ: ५ टक्के. शेंगदाणे, सुकं खोबरं, साबुदाणा, काजू, बेदाणे: ५ टक्के. फुटाणेही ५ टक्के. हरभरा सुट्टा विकला तर करमुक्त, भट्टीतून भाजून आला की करपात्र. शेव, चिवडा, फरसाण तराजूवर तोलून दिलं तरी ५ टक्के, कारण फरसाणाला सुट्ट्याची सवलत नाही. टोस्ट, खारी, बिस्किटं, केक: ५ टक्के. उदबत्ती: ५ टक्के.

उपासाच्या दिवशी दुकानात जी यादी येते तिच्याकडे या नजरेने बघा. साबुदाणा, शेंगदाणे, जिरं, तूप करपात्र. बटाटा, हिरवी मिरची, मीठ करमुक्त. उपास म्हणून काही वेगळी माफी नाही.

चौथा ढीग: जीएसटीच्या बाहेर. पेट्रोल, डिझेल, पिण्याची दारू. हे "करमुक्त" नाही. त्यांच्यावर दुसरे कर आहेत, फक्त जीएसटी नाही. किराणा दुकानात हा ढीग बहुधा रिकामाच असतो, पण रिटर्नमध्ये त्याचा रकाना वेगळा आहे, म्हणून लक्षात ठेवा.

इशारा: पुरवठादाराच्या बिलावरचा एचएसएन कोड डोळे झाकून उतरवू नका. एकाने चुकवलेला कोड त्याच्याकडून घेणाऱ्या दहा दुकानांत पसरतो. डाळी ०७१३, तांदूळ १००६, गव्हाचं पीठ ११०१, पोहे-चुरमुरे १९०४, दही ०४०३, मीठ २५०१, अंडी ०४०७ हे नेहमीचे कोड तक्त्यात आधी भरा आणि बिलाशी ताडून बघा. कोड एकच असला म्हणजे दर एकच असतो असंही नाही: पाव आणि टोस्ट दोघेही १९०५ मध्येच आहेत.

## पायरी २: "पाकीटबंद" म्हणजे नेमकं काय, ते ओळखा

१८ जुलै २०२२ पासून ब्रँडचा प्रश्न संपला आणि "आधी बांधलेला व लेबल लावलेला" माल ही कसोटी आली. तिची व्याख्या जीएसटीने वैधमापन कायदा, २००९ (वजन-मापांचा कायदा) मधून उचलली आहे. त्या कायद्याचा भाव असा: ग्राहक समोर नसताना, ठरावीक वजनाचा माल कोणत्याही वेष्टनात भरून ठेवला, मग ते वेष्टन सीलबंद असो वा नसो, तो "आधी बांधलेला" माल.

"सीलबंद असो वा नसो" हे शब्द दोनदा वाचा. आता प्रत्येक वस्तूला हे प्रश्न क्रमाने विचारा.

प्रश्न एक: माल कुणासमोर तोलला? ग्राहकाने "अर्धा किलो मूगडाळ द्या" म्हटलं, तुम्ही त्याच्यासमोर कट्ट्यातून काढून काट्यावर तोलली आणि पिशवीत भरली, तर तो सुट्टा माल. कर नाही. पिशवीवर दुकानाचं नाव छापलेलं असलं तरी फरक पडत नाही.

प्रश्न दोन: आधीच भरून ठेवला असेल, तर वजन ठरलेलं आहे का? सकाळी गर्दी नसताना अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या बांधून फळीवर रचल्या, तर व्याख्येत बसल्या. "मी लेबल लावलंच नाही" हा बचाव चालत नाही. कायदा पाहतो तो लेबल लावणं *बंधनकारक* होतं का हे. प्रत्यक्ष लावलं का, हे नव्हे. अशा पिशवीवर मालाचं नाव, निव्वळ वजन, भरणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत हा मजकूर लागतो. म्हणजे जीएसटी चुकवल्याची चूक एक आणि वैधमापनाची दुसरी.

माझ्याकडे हिशेब देणाऱ्या एका दुकानदाराची दिवाळीआधीची पोह्यांची विक्री सगळी "सुट्टी" दाखवलेली होती. प्रत्यक्षात किलो-किलोच्या तीनशे पिशव्या पुतण्याने दोन दिवस बसून भरल्या होत्या. पुतण्या कामाचा होता, हिशेब मात्र चुकला.

प्रश्न तीन: पाकीट २५ किलो किंवा २५ लिटरपेक्षा मोठं आहे का? असेल, तर ते या व्याख्येच्या बाहेर. तांदळाच्या २६ किलोच्या पिशव्या बाजारात दिसू लागल्या त्या यामुळेच. ३० किंवा ५० किलोचा कट्टा तुमच्याकडे कराशिवाय येतो आणि तो फोडून ग्राहकासमोर तोलून दिला, तर तुमच्याही विक्रीवर कर नाही. पण मोठ्या पोत्यात १० किलोच्या किरकोळ पिशव्या भरून पोतं १०० किलोचं केलं, तर सवलत मिळत नाही. आतली पिशवी पाहिली जाते.

प्रश्न चार: पाकिटात आणलेला माल फोडून विकता का? १० किलोचं पीठ ५ टक्के भरून आणलं आणि ग्राहकाला दोन किलो सुट्टं तोलून दिलं. विक्री करमुक्त झाली. पण खरेदीवर भरलेल्या ५ टक्क्यांची वजावट (खरेदीवरचा कर विक्रीवरच्या करातून वजा करणं) आता मिळणार नाही, तो खर्चात गेला. असा माल विकायचा असेल, तर मोठ्या कट्ट्यातून घेणंच परवडतं.

गुळाची ढेप कापून तोलून दिली तर करमुक्त. एक किलोची वडी कागदात गुंडाळून वर लेबल असेल तर ५ टक्के. डेअरीत पातेल्यातलं दही ग्राहकाच्या डब्यात मापून घातलं तर करमुक्त. रात्रीच अर्ध्या किलोच्या डब्यांत विरजण लावलं आणि सकाळी झाकण लावून विकलं, तर ५ टक्के.

तपासा: दुकानाच्या फळ्यांचा मोबाइलवर एक फोटो काढा. त्यात एकाच आकाराच्या बांधून ठेवलेल्या पिशव्या दिसत असतील, तर तक्त्यात त्या मालासमोर "सुट्टा" लिहू नका.

## पायरी ३: २२ सप्टेंबर २०२५ चे बदल लावा

३ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीनंतर काही वस्तू पूर्ण करमुक्त झाल्या. किराणा आणि स्टेशनरीला लागणाऱ्या तेवढ्या सांगतो.

खाण्यातलं: जास्त दिवस टिकणारं खोक्यातलं यूएचटी दूध (आधी ५ टक्के), पाकिटातलं पनीर (५), पिझ्झा ब्रेड (५), चपाती, रोटी आणि खाकरा (५), पराठा-परोठा व कोणत्याही नावाची भारतीय रोटी (१८). पनीर सुटलं, चीज नाही. दूध सुटलं, सोया दूध नाही. पाकिटातलं दही आणि ताक मात्र ५ टक्क्यांतच राहिलं. पनीरबरोबर दहीही सुटलं असं समजून बसलेले डेअरीवाले मला भेटले आहेत.

चपाती-पराठ्याची सवलत तयार वस्तूला आहे. हॉटेलात बसून खाल्लेल्या किंवा तिथून बांधून नेलेल्या जेवणावर उपाहारगृहाची सेवा म्हणून कर लागतो. तिथे पोळी वेगळी काढून शून्य दर लावता येत नाही.

शाळेचं: वह्या, आलेखवही, प्रयोगवही (१२), पेन्सिली, क्रेयॉन, पेस्टल रंग (१२), शार्पनर (१२), नकाशे आणि पृथ्वीगोल (१२), खोडरबर (५). कंपासपेटी शून्यावर नाही, १२ वरून ५ वर आली. पेनवर १८ टक्केच आहेत. जमाखर्चाची खातेवही, रजिस्टर, डायरी, पावतीपुस्तक यांवरही १८. कागद तोच आणि बांधणीही तशीच, तरी शाळेची वही शून्यावर आणि दुकानाची खातेवही १८ वर. यात तर्क शोधत बसण्यापेक्षा दोन्ही वेगळ्या फळीवर ठेवा.

इशारा: "ज्या दराने आणलं त्याच दराने विकायचं" हे साफ चूक. जुना साठा १२ टक्के भरून आणला असला, तरी २२ सप्टेंबरपासूनची वहीची विक्री शून्य दरानेच. ग्राहकाकडून कर घेतला, तर तो सरकारजमा करावा लागतो, खिशात ठेवता येत नाही.

यातला दुसरा भाग बहुतेकांचा राहून गेला. माल करमुक्त झाला, की आदल्या दिवशी शिल्लक असलेल्या साठ्यावर घेतलेली वजावट परत करावी लागते. जीएसटी कायद्याचं कलम १८(४) तसं सांगतं. समजा २१ सप्टेंबरच्या रात्री दुकानात १,५०,००० रुपये खरेदी किमतीच्या वह्या होत्या आणि त्यांच्यावरचा १२ टक्के म्हणजे १८,००० रुपये कर तुम्ही वजावटीत घेतला होता. ते १८,००० आयटीसी-०३ या फॉर्ममधून परत करायचे. ज्या वस्तू १२ वरून ५ वर आल्या त्यांच्यासाठी हे नाही. फक्त शून्यावर आलेल्यांसाठी. राहिलं असेल तर आधी त्या रात्रीचा साठा बिलांवरून मांडा आणि तो कागद घेऊन सीएकडे जा. साठ्याचा आकडा नसेल तर तोही काही करू शकत नाही.

## पायरी ४: नोंदणी लागते का, ते मोजा

इथे दोन उलट दिशेच्या चुका होतात.

फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, उलाढाल कितीही असो. भाजीवाला, अंडीवाला, फक्त सुट्टं धान्य विकणारा भुसारवाला यात येतो. स्वतःच्या शेतात पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्यालाही त्या मालापुरती नोंदणी लागत नाही.

पण थोडा जरी करपात्र माल असला, तर मर्यादा मोजताना *एकूण* उलाढाल धरतात, करमुक्त मालासकट. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्यासाठी ती वर्षाला ४० लाख रुपये आहे. वर्षभरात ४४ लाखांचं सुट्टं धान्य आणि ३ लाखांचा साबण-चहा विकला, तर उलाढाल ४७ लाख. नोंदणी लागते. "करपात्र माल तर तीनच लाखांचा" हे उत्तर नाही. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

वह्या-पेन्सिलींबरोबर झेरॉक्स मशीन असेल तर आणखी सावध राहा. झेरॉक्स काढून देणं ही सेवा आहे. ४० लाखांची मर्यादा केवळ वस्तू विकणाऱ्यांना आहे; सेवा आली की ती २० लाखांवर येते.

दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का भरायची सोपी पद्धत, घेता येते. व्यापाऱ्याला त्यात करपात्र विक्रीवर १ टक्का भरावा लागतो. करमुक्त विक्री त्यातून वगळायची. संपूर्ण गल्ल्यावर १ टक्का भरणारे दुकानदार मी पाहिले आहेत. मुकाट्याने भरत असतात बिचारे.

## पायरी ५: बिल बरोबर फाडा

करमुक्त मालाला कर-बीजक लागत नाही, पुरवठा देयक लागतं, म्हणजे ज्यावर कराचा रकानाच नाही असं बिल. एकाच ग्राहकाने डाळ, साबण आणि मीठ घेतलं तर तीन बिलं नकोत. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला बीजक आणि पुरवठा देयक एकत्र असं एकच बिल देता येतं. करपात्र ओळीत दर लिहा, करमुक्त ओळीत शून्य.

दोनशे रुपयांच्या आतली विक्री असेल, ग्राहक नोंदणीकृत नसेल आणि बिल मागत नसेल, तर दरवेळी बिल फाडायची सक्ती नाही. दिवसअखेरीस अशा विक्रीचं एकत्रित बिल करायचं. पण त्यात करपात्र आणि करमुक्त रकमा वेगळ्या दाखवा. "आजची किरकोळ विक्री ११,४०० रुपये" अशी एक ओळ लिहून ठेवली, तर वर्षाच्या शेवटी त्यातलं मीठ किती आणि साखर किती हे देवालाही सांगता येणार नाही.

कंपोझिशनमध्ये असाल, तर कोणत्याच बिलावर कर लावू नका आणि आपण कंपोझिशनचे करदाते आहोत, कर आकारण्यास पात्र नाही, हे बिलाच्या माथ्यावर छापून घ्या.

माल टेम्पोतून पाठवताना करमुक्त वस्तूंना ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचं बिल) लागत नाही. करपात्र मालाला ते किमतीची मर्यादा ओलांडली की लागतं; महाराष्ट्रात राज्यांतर्गत ती १ लाख रुपये आहे. एकाच बिलात करपात्र आणि करमुक्त माल असेल, तर या मर्यादेसाठी करपात्र मालाचीच किंमत धरतात. पुरवठा देयकाची प्रत मात्र ड्रायव्हरजवळ हवीच.

## पायरी ६: वजावटीतला करमुक्त वाटा परत करा

नियमित पद्धतीने रिटर्न भरणाऱ्यांसाठी हे आहे. कंपोझिशनवाल्यांनी पुढे जावं.

जो माल फक्त करमुक्त विक्रीसाठी आणला, त्याच्यावर भरलेला कर वजावटीत घ्यायचाच नाही. जो खर्च दोन्हींसाठी आहे, म्हणजे दुकानाचं भाडं, सीएची फी, बिलिंग सॉफ्टवेअर, त्याच्यावरच्या करातला करमुक्त विक्रीच्या प्रमाणातला वाटा परत करायचा. हा जीएसटी नियमांतला नियम ४२.

हिशेब असा. महिन्याची एकूण विक्री ८,००,००० रुपये, त्यात करमुक्त ३,२०,०००. सामाईक खर्चावरचा कर ६,०००. करमुक्त विक्रीचं प्रमाण ४० टक्के, म्हणून ६,००० पैकी २,४०० परत, ३,६०० वजावटीत. वर्ष संपल्यावर वर्षभराच्या आकड्यांवर हाच हिशेब पुन्हा मांडून फरक भरायचा किंवा घ्यायचा.

फ्रिज, वजनकाटा, संगणक अशा टिकाऊ वस्तूंचा कर एकदम परत करायचा नसतो. तो ६० महिन्यांत विभागून दरमहाचा वाटा काढतात, म्हणून त्यांची बिलं वेगळ्या फायलीत ठेवा.

तपासा: पहिल्या पायरीतली ढीगवारी चुकली असेल, तर हे ४० टक्केही चुकलेले असतात. सुट्ट्या दाखवलेल्या पण खरं तर बांधलेल्या पिशव्या दोन्ही बाजूंनी नडतात: विक्रीवरचा कर कमी भरला जातो आणि वजावटही विनाकारण परत जाते.

## पायरी ७: रिटर्नमध्ये योग्य रकान्यात भरा

जीएसटीआर-१ (विक्रीच्या तपशिलाचं रिटर्न) मध्ये करमुक्त विक्री तक्ता ८ मध्ये जाते. जीएसटीआर-३बी (कर भरायचं गोषवारा रिटर्न) मध्ये ती ३.१ (सी) मध्ये, जीएसटीबाहेरची विक्री ३.१ (ई) मध्ये. करमुक्त खरेदी तक्ता ५ मध्ये आणि नियम ४२ खाली परत केलेली वजावट ४ (बी)(१) मध्ये.

"कर शून्यच आहे तर दाखवायचं कशाला?" म्हणून बरेच जण तक्ता ८ रिकामा सोडतात. बँक खात्यात ४७ लाख आलेले आणि रिटर्नमध्ये १९ लाख दिसणारे, ही तफावत नोटीस येण्याचं साधं कारण आहे. मग उत्तर देताना वर्षभराची बिलं खोदावी लागतात.

## पायरी ८: सेट आणि भेटपेट्या

गणपतीच्या दिवसांत पूजासाहित्याचा सेट, दिवाळीत फराळाची भेटपेटी. वेगवेगळ्या दराच्या वस्तू एका पेटीत घालून *एकच किंमत* लावली, की कायद्याने तो मिश्र पुरवठा ठरतो आणि आतल्या सर्वांत जास्त दराच्या वस्तूचा दर अख्ख्या पेटीला लागतो. कुंकू, जानवं, वाती शून्याच्या. उदबत्ती ५ टक्क्यांची. एकत्र किंमत १५० रुपये, तर पूर्ण १५० वर ५ टक्के. तीच पूजापेटी भेट म्हणून द्यायची म्हणून कुणी आत पेन किंवा डायरी टाकली, तर सगळ्यावर १८.

मार्ग सोपा आहे. वस्तू एकत्र ठेवा, पण बिलात प्रत्येकीची किंमत वेगळी लिहा आणि ग्राहकाला हवी ती वस्तू सुटी घेता येईल अशी ठेवा. मूर्तीचंही तसंच. शाडूची मूर्ती करमुक्त यादीतल्या मातीच्या मूर्तींच्या नोंदीत येते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती त्या नोंदीत बसत नाही. दोन्ही विकत असाल, तर बिलात नुसतं "गणेशमूर्ती" असं लिहू नका, कशाची तेही लिहा.

तक्ता पूर्ण झाला की त्याच्या डोक्यावर "२२ सप्टेंबर २०२५ पासूनचे दर" असं लिहून गल्ल्यामागे चिकटवा. पुढे दर बदलले, तर जुना कागद फाडू नका. त्यावर शेवटची तारीख लिहून फायलीत लावा आणि त्या रात्रीचा साठा मोजून त्याच कागदाच्या मागे उतरवून ठेवा.